इंजिन बंद पडल्यानंतर : सागरी उड्डाणातील निर्णय आणि त्याची परिभाषा

भूमीपासून दूर, सागरावरून जात असता विमानाचे एक इंजिन निकामी झाले, तर विमानप्रमुखाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा व वैमानिकविद्येचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा निर्णय प्रत्यक्ष घेण्याची वेळ येण्यापूर्वी कित्येक वर्षे तो शब्दांत बांधून ठेवलेला असतो. ‘जवळचा’, ‘योग्य’, ‘तितकाच सुरक्षित’ ही नियमांतील पदे रोजच्या बोलण्यातली दिसतात. परंतु त्यांचा अर्थ कसा लावावा यावर काही मिनिटे, काही टन इंधन आणि शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. अर्थविचाराला याहून कठोर कसोटी क्वचितच मिळेल.

प्रस्तुत लेखात या पदांचा एकेक करून विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : इंजिन गेल्यावर पुढे जावे, वळावे की तत्काळ उतरावे, हे केवळ उरलेल्या इंजिनांच्या संख्येवरून ठरत नाही. बिघाडाला कोणते नाव दिले गेले आणि नियमातील पदांचा अर्थ कसा लावला गेला, या दोन गोष्टींचा त्यात मोठा वाटा असतो. त्यासाठी चार घटनांचा आधार घेतला आहे. त्यांतील सर्वांत जुनी, १९५५ सालची ‘काश्मीर प्रिन्सेस’ची घटना, आपल्याच देशाच्या विमानाची असून तिचे विवेचन शेवटी केले आहे.

१. एक इंजिन आणि अनेक इंजिने

हा विषय खानदेशाला अगदीच परका नाही. धुळे, जळगाव व शिरपूर येथील धावपट्ट्यांवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालत आले आहे. प्रशिक्षणाचे लहान विमान बहुधा एक-इंजिनी असते. इंजिन बंद पडले म्हणून ते दगडासारखे खाली येत नाही. ते तरंगत उतरते. सेस्ना १७२ या जातीचे विमान वारा नसताना एक किलोमीटर उंची गमावीत साधारणपणे नऊ किलोमीटर पुढे जाऊ शकते. समजा, पारोळ्याच्या परिसरात जमिनीपासून एक किलोमीटर उंचीवर शिकाऊ वैमानिकाचे इंजिन बंद पडले. तर नऊ किलोमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ हेच त्याचे जग होय. त्या वर्तुळात कपाशीचे रान असेल, नदीचे कोरडे पात्र असेल, एखादे नांगरून ठेवलेले शेत असेल. त्यांतील एक त्याला निवडावे लागते. कोठे उतरावे, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न असतो. उतरावे की उतरू नये, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

दोन, तीन वा चार इंजिनांच्या विमानाची गोष्ट निराळी. एक इंजिन गेल्यावरही ते उडू शकते; मात्र त्याची गती व उंची कमी होते आणि ठराविक अंतराला लागणारे इंधन बहुधा वाढते. येथे वैमानिकाला निवडीस वाव मिळतो, आणि वाव मिळाला की नियम करावा लागतो. नियम केला की त्यातील शब्दांचा अर्थ लावणे ओघानेच येते.

२. ‘बंद पडणे’ आणि ‘बंद करणे’

पहिले पद म्हणजे क्रियापदच. मराठीत ‘इंजिन बंद पडले’ आणि ‘इंजिन बंद केले’ ही दोन वाक्ये व्याकरणदृष्ट्या स्पष्टपणे भिन्न आहेत. ‘आजारी पडणे’, ‘कोरडे पडणे’, ‘बंद पडणे’ या रचनांत अवस्थांतर घडते, परंतु ते घडविणारा कर्ता नसतो. ‘बंद करणे’ यात कर्ता आहे आणि त्याची इच्छाही आहे. विमानाच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. इंजिन आपण होऊन थांबते तसेच ते वैमानिकाकडून थांबविलेही जाते. तेलाचा दाब उतरला, कंपने वाढली किंवा आगीची सूचना आली, तर चालू स्थितीतील इंजिनही पुढील हानी टाळण्यासाठी बंद करतात.

वृत्तपत्रांतील बातमीत मात्र बहुतेक वेळा सरसकट ‘बंद पडले’ असेच छापले जाते. त्यामुळे वैमानिकाने घेतलेला पहिला निर्णय वाक्यातूनच पुसला जातो आणि तो केवळ आपत्ती सोसणारा ठरतो. अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांत या दोन्ही शक्यता शेजारीशेजारी मांडल्या आहेत : इंजिन निकामी झाले, किंवा संभाव्य हानी टाळण्यासाठी ते बंद केले गेले, तरी पुढील कर्तव्य एकच राहते. विश्वसनीयतेच्या गणनेतही दोन्ही प्रकारच्या घटना ‘उड्डाणातील इंजिनबंदी’ या एकाच सदरात मोजतात. म्हणजे हिशोबापुरता कर्ता वगळला, तरी निर्णयाच्या विवेचनात तो वगळता येत नाही.

३. ‘जवळचा’ : अंतर की काळ?

उपरिनिर्दिष्ट नियमानुसार इंजिन गेल्यावर विमानप्रमुखाने ‘काळाच्या दृष्टीने जवळच्या योग्य विमानतळावर’ उतरले पाहिजे. येथे जवळीक मैलांनी मोजलेली नाही, ती काळाने मोजली आहे. मराठी भाषकाला ही कल्पना समजण्यास कठीण जाऊ नये. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘घटकाभराच्या वाटेवर’, ‘दोन दिवसांची मजल’ या आपल्या शब्दप्रयोगांत अंतर कधी आवाजाने, तर कधी काळाने मोजले आहे. धुळ्याहून जळगाव किती दूर, असे विचारले असता पुष्कळदा किलोमीटरांऐवजी तासच सांगितले जातात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेचा विमानतळ नकाशावर जवळ असूनही काळाने दूर असू शकतो. खूप उंचीवरून जाणाऱ्या विमानाला अगदी पायाखालचा विमानतळही, उंची उतरण्यास लागणाऱ्या वेळामुळे, तत्काळ उपलब्ध होत नाही.

या काळाच्या मर्यादेचा इतिहास उद्बोधक आहे. १९५३ साली अमेरिकेने दोन-इंजिनी विमानांवर असे बंधन घातले की, त्यांच्या मार्गावरील प्रत्येक बिंदू, एका इंजिनाच्या गतीने, उतरण्याजोग्या विमानतळापासून ६० मिनिटांच्या आत असला पाहिजे. त्या वेळची दट्ट्याची इंजिने वारंवार बिघडत. यामुळे महासागरावरील दूरचे मार्ग बहुतांशी तीन वा चार इंजिनांच्या विमानांकडे राहिले. पुढे जेट इंजिनांची विश्वसनीयता वाढली, आणि १९८५ च्या फेब्रुवारीत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे बोइंग ७६७ हे दोन-इंजिनी विमान १२० मिनिटांच्या वाढीव मर्यादेनुसार बॉस्टनहून पॅरिसला गेले. १९८८ मध्ये ही मर्यादा १८० मिनिटांपर्यंत वाढविण्याची तरतूद झाली, आणि २०१४ साली एअरबस ए३५० या विमानाला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. या व्यवस्थेला वैमानिक ‘एटॉप्स’ म्हणतात. तिच्यामागे गणित आहे : १२० मिनिटांच्या मान्यतेसाठी इंजिनबंदीचे प्रमाण दर १,००० इंजिन-तासांमागे सुमारे ०.०५ पेक्षा अधिक नसावे आणि १८० मिनिटांसाठी ०.०२ पेक्षा अधिक नसावे, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. म्हणजे पहिल्या प्रकरणी २०,००० तासांत एक, तर दुसऱ्या प्रकरणी ५०,००० तासांत एक.

हे अमूर्त वाटू नये म्हणून अरबी समुद्रावरील एक उदाहरण घेऊ. मुंबई ते नैरोबी हे सरळ अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर आहे. त्याचा मध्यबिंदू एडनच्या आखाताच्या आग्नेयेस, भर समुद्रात येतो. तेथून ओमानमधील सलाला सुमारे साडेआठशे किलोमीटर उत्तरेस आहे. एका इंजिनावर विमानाची गती ताशी ७४० किलोमीटर धरली, तर सलाला तेथून साधारण ७० मिनिटांवर आहे. अर्थात, केवळ सलालाच्या भरवशावर हा सरळ मार्ग ६० मिनिटांच्या नियमात बसणार नाही, १२० मिनिटांच्या नियमात सहज बसेल. नकाशा पाहणारा म्हणेल की, सोकोत्रा बेटावरील धावपट्टी त्याहून पुष्कळ जवळ आहे. तिचा आधार घेता येईल काय? या प्रश्नाने आपण पुढील पदाकडे येतो.

४. ‘योग्य’ विमानतळ

नियमांच्या मूळ इंग्रजी भाषेत येथे दोन विशेषणे आहेत. एकाने विमानतळाची स्थायी पात्रता सांगितली जाते : धावपट्टीची लांबी व भारक्षमता, दिवे, अग्निशमनाची सोय, दळणवळण. दुसऱ्याने त्या विशिष्ट वेळेची स्थिती सांगितली जाते : तेथे पोहोचण्याच्या सुमारास हवामान कसे असेल, विमानतळ उघडा असेल काय, धावपट्टी मोकळी असेल काय. मराठीत या दोन्हींसाठी ‘योग्य’ हा एकच शब्द वापरण्याकडे कल दिसतो. त्यामुळे दोन निराळ्या परीक्षा एक झाल्यासारख्या भासतात. पहिल्या अर्थी ‘पर्याप्त’ आणि दुसऱ्या अर्थी ‘अनुकूल’ अशी योजना केली, तर भेद टिकेल. सोकोत्रासारखा विमानतळ प्रथम पर्याप्त ठरला पाहिजे, आणि मग त्या दिवशी, त्या घटकेला अनुकूलही असला पाहिजे. केवळ जवळ असणे पुरेसे नाही.

आणखी एक प्रश्न असा की, अनुकूल कोणाला? विमानाला की माणसांना? ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७७७ विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जात असता एका इंजिनात दोष आढळला. विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील, ओखोट्स्क समुद्राच्या काठच्या मगदान येथे उतरविण्यात आले. विमानात २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. विमान सुखरूप उतरले. परंतु एवढ्या माणसांच्या राहण्याची सोय त्या लहान गावी सहज होण्यासारखी नव्हती. शाळेसारख्या जागी प्रवाशांची तात्पुरती व्यवस्था करावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून पाठविलेल्या विमानाने ते पुढे गेले. या हालांबद्दल वृत्तपत्रांत बरेच लिहिले गेले. तथापि दोन-इंजिनी विमानाच्या प्रमुखाला नियमाने निवड ठेवलेली नाही. सोयीचा विमानतळ आणि अनुकूल विमानतळ या दोन कल्पनांची गल्लत त्याला करता येत नाही. धावपट्टीवर उतरल्यानंतर सुरू होणारे हाल हे, उतरता न येण्याच्या तुलनेत, निराळ्याच जातीचे असतात.

५. ‘तितकेच सुरक्षित’

तीन वा अधिक इंजिनांच्या विमानाला नियम थोडी मोकळीक देतो. एकच इंजिन गेले असेल, तर बिघाडाचे स्वरूप, उंची, वजन, इंधन, हवामान, भूप्रदेश, वाहतुकीची गर्दी आणि विमानतळाची माहिती या सर्वांचा विचार करून विमानप्रमुख दूरचा विमानतळ निवडू शकतो. मात्र तेथे जाणे हे जवळच्या योग्य विमानतळावर उतरण्याइतकेच सुरक्षित आहे, असा त्याचा निर्णय असला पाहिजे.

येथे मराठीतील ‘जितके–तितके’ या सहसंबंधी जोडीचा उपयोग लक्षात घ्यावा. ‘पुढे जाणे सुरक्षित आहे’ हे वाक्य आणि ‘जितके येथे उतरणे सुरक्षित आहे तितकेच पुढे जाणेही सुरक्षित आहे’ हे वाक्य यांत मोठा फरक आहे. पहिले निरपेक्ष आहे आणि त्याचे समर्थन सोपे आहे, कारण चार इंजिनांचे विमान तिघांवर उडतेच. दुसरे सापेक्ष आहे. त्यात तुलनेची दुसरी बाजू प्रत्येक वेळी पुन्हा मोजावी लागते. बोलण्याच्या ओघात आपण ‘जितके’ गाळतो आणि केवळ ‘सुरक्षित’ उरते. नियमाच्या वाचनातही असेच घडते.

याचे उदाहरण म्हणजे २००५ च्या फेब्रुवारीतील ब्रिटिश एअरवेजचे लॉस एंजेलिस–लंडन उड्डाण. बोइंग ७४७ ने जमीन सोडताच एका इंजिनात बिघाड झाला, ज्वाळा दिसल्या आणि ते इंजिन बंद करण्यात आले. कंपनीशी विचारविनिमय करून वैमानिकांनी उरलेल्या तीन इंजिनांवर पुढे जाण्याचे ठरविले. विमानाने अमेरिका खंड आणि अटलांटिक ओलांडला. परंतु कमी उंचीमुळे इंधन अधिक लागले आणि शेवटी उरलेले इंधन पूर्णपणे वापरता येईल की नाही, अशी शंका उत्पन्न झाल्याने लंडनऐवजी मँचेस्टरला आणीबाणी जाहीर करून उतरावे लागले. कोणाला इजा झाली नाही. पुढे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने आक्षेप घेतला की, विमान ‘उड्डाणक्षम’ नसताना चालविले गेले. कंपनीचे म्हणणे, ब्रिटनच्या नियमांनुसार ते क्षम होते. वाद तडजोडीने मिटला. दोन देशांचे तज्ज्ञ एकाच विमानाकडे पाहत होते, आणि ते ‘क्षम’ होते की नव्हते, यावर त्यांचे एकमत नव्हते. यंत्राच्या स्थितीबद्दलची माहिती दोघांपाशी होती. मतभेद मुख्यतः पदाच्या अर्थाचा होता.

६. बिघाडाचे नाव

आतापर्यंत नियमातील पदे पाहिली. परंतु नियम लागू करण्यापूर्वी वैमानिकाला आणखी एक शब्द निवडावा लागतो : बिघाडाचे नाव. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटचे एअरबस ए३३० विमान टोरोंटोहून लिस्बनला जात होते. अटलांटिकवर असता वैमानिकांना दिसले की, डाव्या व उजव्या टाक्यांतील इंधनाचे प्रमाण विषम झाले आहे. या स्थितीला ‘इंधनाचा असमतोल’ असे नाव आहे, आणि तिच्यावर ठरलेला उपाय म्हणजे दोन बाजू जोडणारी झडप उघडणे. वैमानिकांनी पाठ असलेला तो उपाय केला. वस्तुतः उजव्या इंजिनापाशी इंधनाची नळी फाटून गळती चालू होती. झडप उघडल्याने चांगल्या बाजूचे इंधनही त्या गळतीत जाऊ लागले. प्रथम उजवे इंजिन बंद पडले, आणि सुमारे १३ मिनिटांनी डावेही. त्यानंतर साधारण १९ मिनिटे विमान इंजिनाविना तरंगत गेले व अझोर बेटांतील लाजेस येथे उतरले. विमानातील ३०६ जणांपैकी एकही दगावला नाही.

‘असमतोल’ हे नाव खोटे नव्हते. टाक्या खरोखरच विषम होत्या. परंतु ते लक्षणाचे नाव होते, कारणाचे नव्हते. लक्षणाला नाव मिळाले की त्याबरोबर तयार उपायही हाती येतो, आणि मग कारण शोधण्याची निकड ओसरते. त्या कार्यसूचीत गळतीचा संशय असल्यास झडप उघडू नये अशी सूचना होती. सूची प्रत्यक्ष वाचली असती, तर ती डोळ्यांसमोर आली असती. त्याच वैमानिकांची दुसरी गोष्टही नोंदविली पाहिजे. इंजिने बंद पडण्यापूर्वीच त्यांनी विमान लाजेसकडे वळविले होते. नाव चुकले, तरी ‘जवळचा’ या पदाचा अर्थ त्यांनी अचूक लावला, आणि म्हणूनच बेट त्यांच्या आवाक्यात राहिले.

७. ‘काश्मीर प्रिन्सेस’

११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे चार-इंजिनी विमान हाँगकाँगहून जाकार्ताला निघाले. बांडुंग येथील आशियाई-आफ्रिकी परिषदेसाठी जाणारे प्रतिनिधी व वार्ताहर त्यात होते. प्रवासी ११ आणि कर्मचारी ८, असे एकूण १९ जण विमानात होते. विमानप्रमुख कॅप्टन दा. का. जटार हे होते. उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, दक्षिण चिनी समुद्रावर सुमारे १८,००० फूट उंचीवर असता स्फोट झाला. हाँगकाँगला विमानात कालस्फोटक ठेवले गेले होते, हे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. विमानातील माणसांना त्या वेळी ते कळणे शक्य नव्हते. त्यांना दिसले ते एवढेच : धूर, आगीची सूचना देणारा दिवा, आणि उजव्या पंखात तिसऱ्या इंजिनाच्या मागे भडकलेली आग.

तिसरे इंजिन बंद पडले नव्हते. जटार यांनी ते बंद केले. त्याला आग लागेल या भीतीने घेतलेला तो निर्णय होता. तीन इंजिने चालू होती. केवळ संख्या पाहिली, तर स्थिती २००५ च्या ब्रिटिश विमानासारखीच दिसते : चारांपैकी तीन शाबूत. परंतु जटार यांनी दूरचा विमानतळ गाठण्याचा विचार धरला नाही. विमान समुद्रावर उतरविण्याच्या दिशेने खाली नेले. कारण एका प्रकरणी हानी बंद केलेल्या इंजिनापुरती थांबली होती. दुसऱ्या प्रकरणी ती क्षणोक्षणी पसरत होती. पसरणाऱ्या आगीपुढे ‘काळाच्या दृष्टीने जवळचे’ असे स्थळ एकच होते, ते म्हणजे खालचे पाणी. नातुना बेटांजवळचे आपले स्थान सांगणारे तीन संकटसंदेश पाठविले गेले आणि मग रेडिओ बंद पडला. येथे मात्र ‘पडला’ हेच क्रियापद योग्य होय. विद्युत्‌मंडले निकामी होत गेली, धूर वैमानिककक्षात शिरला. प्राणरक्षक जाकिटे वाटण्यात आली, बाहेर पडण्याची संकटद्वारे उघडण्यात आली. उजवा पंख प्रथम पाण्याला लागून विमान भंगले. सोळा जण मृत्यू पावले. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि देखभाल-अभियंते अनंत कर्णिक हे तिघे वाचले. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. कर्णिक यांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिले.

सोळा जण गेले, म्हणून निर्णय चुकला, असे म्हणता येणार नाही. निर्णयाचे मूल्यमापन त्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीवरून करावयाचे असते, परिणामावरून नव्हे. स्फोटकाचे नाव जटार यांना ठाऊक नव्हते. परंतु बिघाड थांबलेला आहे की वाढत आहे, हा निर्णायक भेद त्यांनी अचूक ओळखला. उलटपक्षी, २००५ चे विमान सुखरूप उतरले, म्हणून तो निर्णय ‘तितकाच सुरक्षित’ होता, असेही आपोआप सिद्ध होत नाही.

८. समारोप

या विवेचनातून परिभाषेपुरते चार निष्कर्ष निघतात. पहिला, ‘बंद पडणे’ व ‘बंद करणे’ यांतील भेद मराठी लेखनात कटाक्षाने पाळावा. दुसरा, ‘जवळचा विमानतळ’ याऐवजी ‘काळाने जवळचा’ असे पूर्ण पद वापरावे. तिसरा, विमानतळाच्या स्थायी पात्रतेसाठी ‘पर्याप्त’ आणि तात्कालिक स्थितीसाठी ‘अनुकूल’ असे दोन शब्द योजावेत. चौथा, ‘तितकेच सुरक्षित’ हे पद ‘जितके’ गाळून कधीही वापरू नये.

आकाशातील संभाषण इंग्रजीत चालते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीच्या किमान चौथ्या पातळीची अट घातली आहे, आणि ती योग्यच आहे. मग मराठी परिभाषेचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उरतो. धुळे-जळगावच्या मराठी शाळांतून आलेला विद्यार्थी वैमानिक झाला, तर नियम तो इंग्रजीत पाठ करील. परंतु पुष्कळदा त्याचा अर्थ तो स्वतःशी मराठीतच लावील. तो ‘योग्य’ या एका शब्दात दोन परीक्षा मिसळतो काय, ‘जितके’ विसरतो काय, लक्षणालाच कारण समजतो काय, हे त्याच्या इंग्रजी उच्चारांवरून कळणार नाही. भाषा संचालनालयाने १९६० पासून निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले आहेत. त्या कामाला पूरक म्हणून उड्डाणसुरक्षेच्या मर्यादित क्षेत्रातील निर्णयवाचक पदांचा एक छोटा कोश, प्रत्येक पदाखाली एकेक प्रत्यक्ष घटना देऊन, आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेचा विषय म्हणून सहज करता येईल. खानदेशातील धावपट्ट्यांवर शिकणाऱ्या वैमानिकांशी बोलून ती पदे तपासून पाहण्याची सोय येथे आहे, हा या कामाचा आणखी एक लाभ होय.